फातोर्ड्यात सामना, फोंड्यात रस-ऑम्लेट

गोव्यात राहून ज्यांनी मडगावजवळच्या फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये फुटबॉलचा अजून एकही सामना बघितला नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यातही फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे या बाजूच्या आपल्या घरांसाठी. जत्रेला आपण सगळे मिळून जातो. सासू-सासरे, मुलं, शेजारची काकी, गाडीत मावतील तेवढे. शिगम्याचे चित्ररथ बघायला रस्त्याकडेला तासन्‌तास उभे राहतो. फुटबॉलला मात्र घरातला एखादा मुलगा मित्रांबरोबर जातो आणि बाकीचे टीव्हीसमोर बसतात. मला हे पटत नाही. फातोर्डा ही आपलीच जत्रा आहे, ती घरच्यांनी मिळून करावी, आणि परतताना गाड्यावर थांबून रस-ऑम्लेट खाल्ल्याशिवाय ती पुरी होत नाही.

आधी बाबांविषयी थोडं सांगते, कारण माझी सगळी मोजमापं त्यांच्याकडून आली आहेत. बाबा साळगावकर संघाचे. म्हणजे खेळाडू नव्हेत, पण संघाचेच म्हणायला हवेत इतके. ब्रह्मानंद शंखवाळकर गोलात उभे असायचे त्या काळातले ते प्रेक्षक. १९८३-८४ मध्ये शंखवाळकरांच्या कप्तानीत गोव्याने संतोष ट्रॉफी जिंकली, त्याबद्दल बाबा आजही असं बोलतात की जणू काल संध्याकाळी घडलं. धेंपो, साळगावकर, चर्चिल, वास्को, सेझा ही क्लबांची नावं आमच्या घरी नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जायची. फातोर्ड्याचं स्टेडियम उभं राहिलं १९८९ मध्ये, आणि तेव्हापासून बाबांच्या लेखी फुटबॉलचं देऊळ तेच. राष्ट्रीय लीगमध्ये सलग सहा वर्षं, २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत, गोव्याचाच कुठला ना कुठला संघ विजेता होता. धेंपो, चर्चिल, पुन्हा धेंपो, साळगावकर, पुन्हा धेंपो, पुन्हा चर्चिल. एवढ्याशा राज्यातून! हे आपल्या मुलांना शाळेत कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

आता एफसी गोवा. क्लब २०१४ चा, केशरी रंग, गवारेडा हे चिन्ह. बाबांनी सुरुवातीला नाक मुरडलं होतं, कारण गावाच्या मातीतून न आलेला संघ त्यांना परका वाटला. डिसेंबर २०१५ मध्ये इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात याच फातोर्ड्यात शेवटच्या मिनिटांपर्यंत २-१ ने पुढे असलेला गोवा चेन्नईयिनकडून ३-२ ने हरला, त्या रात्री बाबा जेवले नाहीत. मला तेव्हाच कळलं, संघ आता त्यांचा झाला आहे.

मी जे सांगणार आहे ते मुख्यतः दोन रात्रींवरून. पहिली, २२ ऑक्टोबर २०२५, दिवाळीचा पाडवा. आशियाच्या चॅम्पियन्स लीग टूमध्ये सौदी अरेबियाचा अल-नासर संघ फातोर्ड्यात आला होता. दुसरी, ७ डिसेंबर २०२५, देशातल्या क्लबांच्या सुपर कपचा अंतिम सामना, समोर कोलकात्याचा ईस्ट बंगाल.

पाडव्याच्या दिवशी घरी गुरांना ओवाळून झालं, दुपारची जेवणं झाली आणि आम्ही बोरीच्या पुलावरून मडगावकडे निघालो. मी, नवरा, बाबा आणि माझा मुलगा, जो गावच्या मुलांच्या संघात गोलकीपर आहे. नरकासुराच्या रात्रीचं जागरण मुलाच्या डोळ्यांतून अजून उतरलं नव्हतं, पण गाडीत एक मिनिट झोपला नाही. अल-नासरचा रोनाल्डो आला नव्हता. त्यावर आठवडाभर चर्चा झाली, अनेकजण हिरमुसले. मला सांगावंसं वाटतं ते दुसरंच आहे. अल-नासरने पहिल्या अर्ध्या तासातच दोन गोल केले, आणि स्टँडमधला आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला. मग मध्यंतराआधी आपल्या ब्रायसन फर्नांडिसने गोल केला. गोव्याच्या मुलाने, गोव्याच्या मैदानावर, त्या संघाविरुद्ध! आमच्या शेजारी कुडतरीच्या एक वयस्कर बाई बसल्या होत्या, ओळख ना पाळख, त्यांनी माझ्या मुलाला उचलून घ्यायचाच बाकी ठेवला. "पळयलें मरे पुता? पळयलें?" असं त्या त्याला पुन्हा पुन्हा विचारत होत्या. सामना १-२ ने गेला. बाहेर पडताना लोकांचे चेहरे हरल्यासारखे नव्हते.

जागा कुठली घ्यावी, हे मला सगळेच विचारतात. माझं मत पूर्वेकडच्या स्टँडला. तिथे खालच्या भागात पाठीराख्यांचे गट असतात, ढोल असतो, नव्वद मिनिटं कुणी खाली बसत नाही. ढोलाचा ठेका ऐकताना मला फोंड्याचा शिगमाच आठवतो, रोमटामेळ, म्हणजे शिगम्याची नाचती मिरवणूक, वळणावर यायच्या आधी लांबून ढोल-ताशे ऐकू येतात आणि पोटात काहीतरी हलतं ना, ते. "फोर्सा गोवा" ही आरोळी एका टोकाकडून उठून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तुम्हीही ती देत असता. मुलं बरोबर असतील आणि त्यांचं वय दहाच्या पुढे असेल तर इथेच न्या. लहान मूल असेल किंवा गुडघेदुखीचं माणूस असेल तर त्याच बाजूचा वरचा भाग घ्या. तिथे बसून बघता येतं, आणि खेळ नीट समजतो. बचावफळी कशी सरकते, मधली माणसं जागा कशी सोडतात, हे खालून दिसतच नाही. बाबा वर बसतात आणि मुलगा खाली उड्या मारतो, अशी आमची वाटणी असते. एक लक्षात ठेवा, पूर्वेच्या स्टँडचं तोंड मावळतीकडे आहे. सामना पाचच्या सुमारास असेल तर पहिला अर्धा भाग डोळ्यांवर ऊन येतं, टोपी न्या. साडेसातच्या सामन्याला हा प्रश्नच येत नाही.

मुलगा गोलकीपर असल्यामुळे आम्ही कधीकधी गोलाच्या मागच्या बाजूलाही बसतो. खेळणारं मूल घरात असेल तर त्याला एकदा तरी तिथे बसवा. चेंडू समोरच्या टोकाला असताना गोलकीपर काय करतो, किती बोलतो, किती चालतो, हे टीव्ही कधीच दाखवत नाही. आमच्या मुलाने दुसऱ्या दिवसापासून मैदानावर ओरडायला सुरुवात केली. त्याचे प्रशिक्षक गेली दोन वर्षं हेच त्याला सांगून दमले होते.

जायचं कसं? कदंबचं मडगावचं बसस्थानक स्टेडियमपासून चालत जाण्याजोगं आहे, तेव्हा जाताना बस उत्तम. येताना मात्र बसच्या भरवशावर राहू नका. साडेसातचा सामना संपून फाटकाबाहेर येईपर्यंत दहाला टेकतात आणि त्या वेळी फोंड्याकडे, पणजीकडे बस मिळणं कठीण. चार-पाच जणांनी मिळून गाडी करावी. गाडी स्टेडियमला चिकटून लावायचा हट्ट नको, थोडी दूर लावली तर निघताना अर्धा तास वाचतो. आत पाण्याची बाटली, पॉवरबँक, नाणी नेऊ देत नाहीत, तपासणीत काढून घेतात. पर्स रिकामी करूनच न्या. मध्यंतराला बायकांच्या स्वच्छतागृहाकडे रांग लागते, त्यामुळे पाच मिनिटं आधी उठलेलं बरं. गर्दीत त्रास होईल ही भीती माझ्या वहिनीला होती, म्हणून मुद्दाम लिहिते. पूर्वेच्या स्टँडमध्ये बायका, मुली, आज्या भरपूर असतात. मला तिथे जत्रेतल्या गर्दीपेक्षा जास्त मोकळं वाटतं.

आतलं खाणं? नाही. एका स्टॉलवर घेतलेला पॅटीस गार आणि वातड होता, आणि पाण्याची किंमत ऐकून बाबांनी तहानच नाही म्हणून सांगितलं. पोटभर खाऊन आत जा आणि भूक शिल्लक ठेवून बाहेर या. पाडव्याला आमच्याकडे शाकाहार होता, त्यामुळे मडगावातल्या एका हॉटेलात आधीच पातळभाजी-पाव, अळसांद्याचं टोणक आणि वर गोड बन असं खाल्लं. टोणक बरं होतं, नारळ थोडा कमी भाजलेला. सामन्याआधी एवढं पुरतं.

खरं खाणं ७ डिसेंबरला झालं. रविवार होता, त्यामुळे वार पाळायचा प्रश्न नव्हता. तो सामना ज्यांनी आत बसून बघितला त्यांना काही सांगायला नको. नव्वद मिनिटं गोल नाही. जादा वेळेतही नाही. एकशे वीस मिनिटं ०-० आणि मग पेनल्टी. पाच-पाच पेनल्टी होऊनही निकाल लागला नाही. बाबा पेनल्टी बघत नाहीत, ते मैदानाकडे पाठ करून मुलाच्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि त्यावरून समजून घेत होते. ६-५ ने गोवा जिंकला. २०१९ चा सुपर कप, मग २०२५ च्या मे महिन्यातला, आणि सात महिन्यांत पुन्हा हा. इंडियन सुपर लीगचा मोसम वेळेवर सुरूच झालेला नव्हता, खेळाडूंना पुढे काय होणार हे ठाऊक नव्हतं, आणि त्यात ही मुलं अशी खेळली. मी रडले. नवराही रडला.

तर मग गाडा. फोंड्यात शिरल्यावर आम्ही जिथे थांबतो त्या गाड्यावर नावाची पाटी नाही. गोव्यातल्या बहुतेक चांगल्या गाड्यांना नसतेच, मालकाच्या किंवा जागेच्या नावाने लोक ओळखतात, आणि मालकाचं नाव त्यांना न विचारता इथे छापणं मला बरं वाटत नाही. संध्याकाळी सातच्या पुढे फोंडा बाजारात कुणालाही "रस-ऑम्लेट खंय बरें मेळटा?" विचारा, बोट तिकडेच जाईल.

बाहेरगावच्यांसाठी, रस-ऑम्लेट म्हणजे कांदा-मिरची-कोथिंबीर घातलेलं दोन अंड्यांचं ऑम्लेट, त्यावर ओतलेला कोंबडीच्या शागोतीचा, म्हणजे भाजल्या वाटणाच्या कालवणाचा, पातळ रस, वर कच्चा कांदा, लिंबू, आणि बाजूला पाव. सोपं वाटतं, पण हे बिघडवणारे गाडे मी पुष्कळ पाहिले आहेत. बिघाड होतो तो रसात. शागोतीच्या वाटणाला खोबरं आणि कांदा तांबूस होईपर्यंत भाजावं लागतं, त्यात धणे, बडीशेप, खसखस, जायपत्री, सुकी मिरची. घाईत भाजलेलं खोबरं रसात पांढुरकं राहतं आणि गोडसर लागतं. जास्त भाजलं तर कडवटपणा येतो, तो लिंबाने लपत नाही. आणि वाटण जाडसर राहिलं की वर तेल, मध्ये पाणी, तळाशी चोथा. रंग लपवायला मग काहीजण लाल तिखट मारतात.

या गाड्यावरचा रस सारखा असतो. पळीतून ओघळतो पण पाण्यासारखा धावत नाही, पावाचा तुकडा बुडवला की आत शिरतो. आधी बडीशेपेचा वास, मग भाजल्या खोबऱ्याची चव, आणि तिखट घासानंतर सावकाश चढतं. गाडेवाले काका रसाचं भांडं शेजारच्या शेगडीवर मंद ठेवतात आणि दर तासाने त्यात गरम पाणी घालून वाढवत बसत नाहीत. संपला की संपला. यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देते, कारण रात्री उशिरा मिळणाऱ्या रसाची चव संध्याकाळसारखीच असावी हे सांभाळणारे फार थोडे आहेत. ऑम्लेटची कड कुरकुरीत ठेवतात आणि रस अगदी शेवटी, ताटली हातात द्यायच्या क्षणी ओततात. लगेच खायला हवं. फोटो काढत बसाल तर कड मऊ पडेल.

पाव दोन प्रकारचा. गोल, कडक कवचाचा उंडो आणि पोळी. मी नेहमी पोळी मागते, गव्हाच्या कोंड्याची, आतून पोकळ, तिच्या पोटात रस राहतो. पोदेर, म्हणजे पाववाले, दिवसातून दोनदा भट्टी लावतात, पहाटे आणि दुपारनंतर, त्यामुळे संध्याकाळी मिळणारा पाव दुपारच्या भट्टीतला असतो. आठच्या आत गेलात तर तो अजून मऊ असतो, दहानंतर काका तव्यावर कोरडाच शेकून देतात. तूप-लोणी लावत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पोळ्या लवकर संपतात.

रस-ऑम्लेट ७० रुपये, पाव वेगळा. जास्तीचा रस मागितला तर काका पैसे घेत नाहीत, पण तीन-तीनदा मागू नये. बाकीच्या पदार्थांबद्दल थोडक्यात सांगते. कटलेट-पाव ठीक, कटलेटला रवा जरा जाड लागतो. मिरची भजी फक्त पावसाळ्यात चांगली. सुकं चिकन मला खारट वाटलं. बसायला जागा नाही, उभ्यानेच खायचं. बाबांसाठी काका आतून प्लास्टिकचं स्टूल काढून देतात, न सांगता. पाणी भरलेला जग आणि स्टीलचे पेले स्वच्छ असतात. हात धुवायला नळ आहे. रविवारी रात्री गर्दी होते, पंधरा-वीस मिनिटं थांबायची तयारी ठेवा.

त्या रात्री गाड्याभोवती केशरी शर्टच शर्ट होते. कुणी मडगावहून परतलेलं, कुणी घरी टीव्हीवर बघून बाहेर पडलेलं. दोन मुलगे पेनल्टी पुन्हा घेऊन दाखवत होते, चेंडू नसताना. दुसऱ्या दिवशी ८ डिसेंबर, पणजीच्या चर्चचं फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव. त्यामुळे फेस्ताला जायचं की नाही, खाजं किती आणायचं, याची बोलणी त्याच गर्दीत चालली होती. नाटकाची तालीम संपवून आलेले दोघे होते, त्यांना निकाल माहीत नव्हता, तो त्यांना सात-आठ जणांनी एकदम सांगितला. काकांनी तवा पुसत बाबांना विचारलं, "ब्रह्मानंदान तें पेनल्टी आडायलें आसतें मूं?" बाबा म्हणाले, "सगळीं." आणि मग एक एक सामना सांगायला लागले.

आपल्या इथे भात कापून झालं की रिकाम्या शेतांत पोरं बांबूचे गोल उभारतात. तेव्हाच जत्रांचा मोसमही चालू होतो आणि फाल्गुनात शिगमा येईपर्यंत दोन्ही हातात हात घालून चालतात. फातोर्ड्याचे सामने याच दिवसांत असतात. जत्रेचं नाटक रात्री उशिरा सुरू होतं, त्यामुळे सामना बघून जत्रेला पोचता येतं. आम्ही हे केलं आहे आणि मुलं पेंगत नाहीत, उलट आवरत नाहीत. तुमच्या वाड्यावरच्या स्पर्धेचा अंतिम सामना आणि फातोर्ड्याचा सामना एकाच रविवारी आला तर आधी वाड्यावर जा, तो दुपारी संपतो. मग मडगाव.

स्टेडियममध्ये साधारण एकोणीस हजार माणसं बसतात. मोठा पाहुणा संघ आला की जागा भरतात. एरवीच्या सामन्याला पूर्वेच्या वरच्या भागात रिकाम्या खुर्च्यांच्या ओळी दिसतात, ते बघून मला वाईट वाटतं. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात इराणने जर्मनीला ४-० ने हरवलं ते इथेच. तेव्हा परक्या देशांच्या मुलांसाठी आपण इथे टाळ्या वाजवल्या. आपल्या मुलांसाठी त्या खुर्च्या भरायला हव्यात, दर सामन्याला.

तिकीट ऑनलाइन मिळतं, दर सामन्यागणिक बदलतात, पूर्वेची तिकिटं आधी संपतात. सोमवारी सामना असेल आणि घरी वार पाळत असाल तर मडगावातच पातळभाजी-पाव खाऊन घ्या. सोमवारी फोंड्याचा गाडा बंद असतो.